जांभूळ खायला, पान रंगाला: बेळगाव-खानापूर भागात घरच्या घरी कापड रंगवू पाहणाऱ्यांसाठी

मे महिना लागला की खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडची करवंदं आणि मागोमाग जांभळं बेळगावच्या बाजारात उतरतात. पानाच्या द्रोणातून मूठभर खाल्ली तरी बोटं आणि जीभ जांभळी होते, रुमालाला लागलेला डाग दोन दिवस हलत नाही. हे बघून बऱ्याच जणांच्या डोक्यात येतं, की एवढा रंग आहे तर साडी, दुपट्टा, निदान एखादा रुमाल तरी यात का रंगवू नये? त्यात परदेशी व्हिडिओंमध्ये रानटी ब्लॅकबेरीच्या रसात बुडवलेलं सुंदर जांभळं कापड दिसतं, आणि मग किलो-दोन किलो जांभळं पातेल्यात जातात.

तुम्हीही त्याच बेतात असाल तर थांबा. कापडावर वर्षानुवर्षं टिकणारा रंग जांभळाच्या झाडात आहे, पण तो फळात नाही. तो पानात आणि सालीत आहे. एवढं एक समजलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून ते नीट सांगते आणि मग क्रमानं कृतीकडे येते.

१. आधी ठरवा: फळ की पान?

जांभूळ, करवंद, ब्लॅकबेरी या तिन्ही फळांचा गडद रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा. हे द्रव्य फार हळवं असतं. आंबट पाण्यात लालसर, साध्या पाण्यात जांभळं आणि सोडा-साबणाच्या पाण्यात निळसर-हिरवट होतं. ऊन लागलं की उडतं. तुरटी घातली तर थोडं धरून राहतं, पण चार-सहा धुण्यांत कापडावर मळकट राखाडी छटा तेवढी उरते. ज्याला ‘पक्का रंग’ म्हणतात तो हा नव्हे.

पानात आणि सालीत असतं टॅनिन, म्हणजे तुरट चव देणारं द्रव्य. ते सुताच्या धाग्याला स्वतःहून चिकटतं आणि लोखंडाशी गाठ पडली की काळं होतं. जांभळाच्या सालीत ८ ते १९ टक्के टॅनिन असतं, म्हणून ती पूर्वापार कातडी कमावायला आणि मासे धरायची जाळी टिकाऊ करायला वापरत आले आहेत. पाण्यात दिवसरात्र राहणाऱ्या जाळ्यावर जे टिकतं ते तुमच्या ओढणीवरही टिकेल.

ब्लॅकबेरीचंही हेच आहे. तिचं आणि जांभळाचं नातं काही नाही. ती गुलाबाच्या कुळातली काटेरी झुडूप-वेल, जांभूळ पेरूच्या कुळातलं. पण युरोपात ती रंगाला वापरतात तेव्हा जाणकार लोक फळ सोडून कोवळे शेंडे आणि पानं घेतात, आणि लोखंडाबरोबर त्यातून करडा ते काळपट रंग काढतात. आपल्याकडे ब्लॅकबेरी शोधत फिरायची गरज नाही. जे काम तिचे शेंडे करतात ते आपल्या बांधावरचं जांभूळ जास्त चांगलं करतं.

फळाचा एक उपयोग मात्र आहे आणि तो मी दरवर्षी करते. पिकलेल्या जांभळाचा रस पांढऱ्या टिपकागदावर लावून सावलीत वाळवायचा, पट्ट्या कापून बंद डब्यात ठेवायच्या. पाण्यात बुडवल्यावर पट्टी जांभळीच राहिली तर पाणी ठीक, निळी-हिरवी झाली तर पाण्यात क्षार किंवा सोडा आहे. पुढे कापड धुताना याचा उपयोग होतो. बाकीची जांभळं मीठ लावून खा.

२. पानं कुठून आणि कोणाला विचारून

जांभूळ ओळखायला सोपं. पानं समोरासमोर, जाडसर, चकचकीत. चुरगाळली तर टर्पेंटाइनची आठवण यावी असा वास. पान उजेडासमोर धरलं की बारीक शिरा एकमेकींना लागून कडेपर्यंत जाताना दिसतात आणि कडेच्या जरा आत एका रेषेत मिळतात.

आता महत्त्वाचं. खानापूर तालुक्यात झाडी भरपूर आहे म्हणून कुठेही शिरून ओरबाडायचं नाही. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. तिथून पानाफांद्या आणणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा ठरतो. राखीव जंगलातही वनखात्याच्या परवानगीशिवाय काही काढू नका. जंगलात राहणाऱ्या ज्या कुटुंबांना २००६ च्या वनहक्क कायद्याखाली हक्क मिळाले आहेत ती गौण वनोपज गोळा करू शकतात. ते हक्क त्यांचे आहेत, शहरातून गेलेल्या पाहुण्याचे नाहीत.

तसं जंगलात जायची वेळही येत नाही. बेळगाव, खानापूर, चंदगडकडच्या शिवारात बांधाबांधावर जांभूळ आहे. पावसाळ्यानंतर शेतकरी पिकावर सावली पडते म्हणून फांद्या छाटतात. मालकाला आधी सांगून ठेवा, “छाटाल तेव्हा पाला टाकू नका, मी नेते.” बहुतेक वेळा ते आनंदानं देतात, आणि साल हवी असेल तर छाटलेल्या फांदीचीच सोला. उभ्या झाडाची साल काढू नका. खोडाभोवती गोल साल निघाली की झाड वाळतं, आणि जांभळाचं झाड मोठं व्हायला एक पिढी जाते.

३. सामान

५०० ग्रॅम कोरड्या सुती कापडाचा हिशेब देते. साधी सुती साडी साधारण एवढीच भरते. कापड कमी-जास्त असेल तर त्याच प्रमाणात बदला, पण वजन करूनच. अंदाजपंचे केलं तर हाच रंग पुन्हा कधीच जमणार नाही.

- जांभळाची ताजी पानं १ किलो
- हिरड्याची पूड १०० ग्रॅम
- हिराकस १० ग्रॅम, किंवा घरी केलेलं लोखंडाचं पाणी
- धुण्याचा सोडा २५ ग्रॅम
- तुरटी ७५ ग्रॅम (फक्त तपकिरी रंगासाठी)
- रिठे मूठभर
- १५-२० लिटरचं स्टीलचं पातेलं, दोन बादल्या, लाकडी काठी, रबरी हातमोजे, ग्रॅममध्ये दाखवणारा काटा, गाळायला जुनं धोतर

हिरडा, रिठे आणि तुरटी बेळगावात रविवार पेठेतल्या दुकानांत किंवा आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळते. दुकानदार कन्नड बोलणारे असले तर हिरड्याला अळलेकाई आणि तुरटीला पटिक म्हणा, काम लवकर होतं. हिरडा मोठा, पिकून वाळलेला घ्या. छोटा काळा बाळहिरडा औषधाला ठीक, रंगाला नको. बी फोडून टाका आणि वरच्या सालीची पूड करा. हिराकस शेतीच्या औषधांच्या दुकानात फेरस सल्फेट या नावानं स्वस्तात मिळतं. खडा फिकट हिरवा असावा. तपकिरी, गंजल्यासारखी पूड झालेली असेल तर घेऊ नका, ती कापडावर डाग पाडते.

आणि एकदा रंगाला वापरलेलं पातेलं पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचं नाही. हिराकस पोटात गेलं तर लहान मुलांच्या जिवावर बेतू शकतं. बाटलीवर नाव लिहून वरच्या फळीवर ठेवा. पातेलं स्टीलचंच हवं, लोखंडाची कढई किंवा तांब्याचं घंगाळ नको. त्यांचा धातू रंगात उतरतो आणि मग काय झालं ते कळत नाही.

४. कापड सुताचंच आहे ना, ते बघा

शहापूर, वडगाव, खासबाग भागात माग आहेत, त्यामुळे कापड थेट विणकराकडून घ्यायची सोय आपल्याकडे आहे. पण आज मागावर कृत्रिम धागाही भरपूर चढतो, आणि हाताला कापड सुती वाटतं म्हणून ते सुती असतंच असं नाही. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवा. कागद जळाल्याचा वास आणि हलकी राख म्हणजे सूत. केस जळाल्याचा वास म्हणजे रेशीम. वितळून टोकाला कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर, त्यावर हा रंग चढणार नाही. मिश्र कापड असेल तर सूत रंगेल आणि पॉलिएस्टर पांढरं राहील, कापड पिठूळलेलं दिसेल.

पहिल्यांदा साडी घेऊ नका. हातरुमाल किंवा अर्धा मीटर मांजरपाट घ्या. रेशमाला यातलं बरंच लागू पडत असलं तरी त्याला सोडा आणि उकळतं पाणी चालत नाही, ते नंतर.

५. खळ काढा

नव्या कापडाला खळ असते, मांजरपाटाला तर जास्तच. ती पूर्ण निघाली नाही तर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. नवशिक्यांचं निम्मं काम इथेच बिघडतं.

कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. सकाळी ते पाणी टाका. १२-१५ लिटर पाण्यात २५ ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून कापड एक तास उकळा. पाणी चहाच्या रंगाचं होईल, तो मळ आणि खळ. मग तीन-चार पाण्यांत खळबळून काढा. शेवटच्या पाण्यात जांभळाची पट्टी बुडवा. निळसर झाली तर सोडा अजून आहे, आणखी धुवा.

वाळल्यावर कापडावर पाण्याचा एक थेंब सोडा. लगेच पसरून मुरला तर झालं. मण्यासारखा वर बसून राहिला तर पुन्हा उकळा. इथे आळस करू नका.

६. पाण्याकडे लक्ष द्या

आपल्या भागात जांभा दगड आहे आणि बऱ्याच विहिरी-बोअरच्या पाण्यात लोखंड उतरतं. पांढऱ्या बादलीत रात्रभर पाणी ठेवून सकाळी तळाला तांबूस गाळ दिसला तर ते पाणी हिरड्याला वापरू नका, नको तिथे काळपट छटा येईल. सगळ्यात चांगलं पावसाचं पाणी. जून-जुलैत पागोळीखाली पिंप लावा आणि झाकण लावून ठेवून द्या.

पाणी पावसाचं, पण काम मात्र पावसाळ्यात नको. कापड तीन-तीन दिवस वाळत नाही आणि ओलसर राहिलेल्या घड्यांवर पट्टे उमटतात. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे दिवस चांगले.

७. हिरडा द्या

१०० ग्रॅम हिरड्याची पूड आधी थोड्या गरम पाण्यात कालवा, गुठळ्या मोडा, मग १० लिटर कोमट पाण्यात मिसळा. कापड ओलं करून, पिळून आणि मोकळं करूनच त्यात सोडा. कोरडं टाकलं तर पहिल्या क्षणी जिथे पाणी लागलं तिथे जास्त बसतं. रात्रभर ठेवा, मधून मधून वरखाली करा.

सकाळी काढा, पिळा, झटका आणि वाळत घाला. इथे धुवायचं नाही. धुतलंत तर हिरडा निघून जातो आणि त्याबरोबर पुढचा काळा रंगही. कापड फिकट पिवळसर दिसेल, हाताला थोडं खरखरीत लागेल. ते बरोबर आहे.

जांभळाच्या पानात टॅनिन असताना हिरडा कशाला, असं कोणीही विचारेल. नुसत्या पानावरही करडा रंग येतो. पण गडद काळा हवा असेल तर हिरड्याचा पाया लागतो, आणि पहिल्याच खेपेला चांगलं दिसलं की माणूस पुढे शिकतो, म्हणून मी तो सांगते.

८. पानांचा काढा

१ किलो पानं हातानं तोडून बारीक करा, १२ लिटर पाण्यात एक तास मंद उकळा आणि तशीच रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी धोतरातून गाळा. पानाचा एक तुकडाही राहू देऊ नका, कापडाला चिकटला तर तिथे गडद ठिपका होतो.

हिरडा दिलेलं कापड परत ओलं करून काढ्यात सोडा आणि चुलीवर ठेवा. उकळी नको, वाफा येत राहतील एवढीच आच. तासभर, दर पाच-सात मिनिटांनी काठीनं हलवत. मग आच बंद करून त्यातच गार होऊ द्या. बाहेर काढाल तेव्हा रंग खाकीसर, काहीसा निरुत्साही दिसेल. घाबरू नका. रंग अजून व्हायचा आहे.

९. लोखंड: इथे रंग होतो

बादलीत १० लिटर कोमट पाणी घ्या, १० ग्रॅम हिराकस पूर्ण विरघळवा. हातमोजे घाला. कापड उलगडून, दोन्ही हातांनी कडेला धरून एकदम आत सोडा आणि लगेच फिरवायला लागा.

पाणी जिथे लागतं तिथून खाकी रंग मागे सरकत जातो आणि त्याच्या मागून करडा, मग निळसर काळा. काही सेकंदांत होतं हे सगळं. घडी राहिली असेल तर तिची रेघ तिथल्या तिथे दिसते, म्हणून ती उलगडत राहायचं, थांबायचं नाही. पाच ते दहा मिनिटं पुरे. बाहेर काढून हवेत पसरून धरलंत की रंग आणखी एक पायरी गडद होतो.

मग साध्या पाण्यात भरपूर धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. लोखंड अंगात राहिलं तर पुढे कापडावर गंजाचे डाग येतात.

सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. रंग अजून काळा व्हावा म्हणून लोक आणखी हिराकस टाकतात. तसं करू नका. जास्त लोखंड धागा खातं. साडी वर्ष-दोन वर्षांत घडीवर फाटायला लागते. रेशीम आणि लोकर तर फारच लवकर. कापडाच्या वजनाच्या दोन टक्के हिराकस पुरतं, तीनच्या वर कधीच नको. गडद हवं असेल तर कापड धुवून वाळवा आणि पुन्हा पानांच्या काढ्यात घाला, नंतर थोडा वेळ लोखंडाच्या पाण्यात. अशा दोन-तीन फेऱ्यांनी चंद्रकळेचा काळा रंग येतो, आणि कापडही मऊ राहतं.

*गुळाचं लोखंडी पाणी.* हिराकसाऐवजी जुनी रीतही आहे, कलमकारीतला काळा रंग याच जातीचा. गंजलेले खिळे, नाल, पत्र्याचे तुकडे असं किलोभर लोखंड, पाव किलो गूळ आणि ५ लिटर पाणी प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात. गूळ आपल्याकडे चांगला मिळतो, त्याची ददात नाही. लोखंड उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये मागितलं तर मिळतं, पण त्याला तेल आणि ग्रीस असतं. सोड्याच्या पाण्यात उकळून घ्या. पांढरट चकाकणारा, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घेऊ नका. तोंडाला फडकं बांधा, घट्ट झाकण नको, कारण आत वायू होतो. पहिल्या आठवड्यात फेस येतो आणि आंबूस वास सुटतो, मग वर तवंग धरतो. दोन-तीन आठवड्यांनी हिरडा दिलेल्या चिंधीवर एक थेंब टाका. लगेच काळा पडला तर तयार. गाळून बाटलीत भरा, आणि दहा लिटर पाण्यात थोडं थोडं घालत चिंधीवर बघत जा. हे पाणी हिराकसापेक्षा धाग्याला सौम्य वागतं आणि काळा रंग अधिक उबदार येतो. मला तोच जास्त आवडतो.

१०. काळा नको, तपकिरी हवा असेल तर

हिरड्याचं प्रमाण अर्धं करा. वाळलेलं कापड ७५ ग्रॅम तुरटी विरघळवलेल्या गरम पाण्यात रात्रभर ठेवा, हलकं खळबळून काढा. काढा मात्र पानांऐवजी सालीचा: छाटलेल्या फांद्यांची वाळलेली साल ३००-४०० ग्रॅम, ठेचून, रात्रभर भिजवून, दोन तास उकळून. बाकी कृती तीच, फक्त लोखंड नाही. फांदी जून असेल तसा रंग खोल येतो. पानं वापरलीत तर फिकट खाकी येईल. सदऱ्याला तोही छान दिसतो.

रेशमाला सोड्याऐवजी रिठ्याचं कोमट पाणी, तुरटी १० टक्के, आणि आच हाताला सोसेल त्याच्या जरा वर, एवढीच. लोखंड एक टक्क्याच्या आत.

११. उरलेलं पाणी

पानांचा आणि हिरड्याचा चोथा खतात घाला. पानाच्या काढ्यात अजून जीव असतो, त्यात एखादा रुमाल सहज निघतो, फिकट राखाडी. लोखंडाचं आणि तुरटीचं पाणी भरपूर पातळ करून विहिरीपासून, ओढ्यापासून दूर मोकळ्या जमिनीवर ओता, रोज एकाच झाडाच्या बुंध्यात नको. आपली माती मुळात आंबट आहे, तुरटी तिला आणखी आंबट करते.

१२. रंग पक्का झाला का, आणि पुढे कसा सांभाळायचा

प्रत्येक वेळी चार बोटं रुंदीची चिंधी बरोबर रंगवा. वाळल्यावर तिचे दोन तुकडे करा. एक अर्धा पुठ्ठ्याखाली झाकून दोन आठवडे उन्हात ठेवा, दुसरा नेहमीच्या साबणानं चार-पाच वेळा धुवा. झाकलेल्या-उघड्या भागात फरक दिसला नाही तरच तो रंग साडीवर घ्या. चिंध्या वहीत चिकटवून बाजूला वजनं, पाणी कुठलं, पानं कुठल्या बांधावरची आणि कुठल्या महिन्यातली ते लिहा. कोवळ्या आणि जून पानांचा रंग वेगळा येतो, तो नुसत्या आठवणीनं सांगता येत नाही.

पहिली दोन-तीन धुणी वेगळी, रिठ्याच्या पाण्यात. सावलीत वाळत घाला. कडक सोडा आणि ब्लीच वर्ज्य.

लिंबू, चिंच, आमसुलाचं सार यांना मात्र जपा. आंबट थेंब पडला की लोखंडाचा काळा रंग तिथे फिका पडून पिवळट डाग दिसतो. थेंब पडल्यापडल्या साध्या पाण्यानं धुतलात तर बहुतेक वाचतं. तरी डाग राहिलाच, तर तेवढा भाग पानांच्या काढ्यात अर्धा तास भिजवा, पिळा, आणि चिमूटभर हिराकसाच्या पाण्यात क्षणभर बुडवून काढा. डाग झाकला जातो. कडा जराशी गडद दिसली तर दुसऱ्या दिवशी सगळीच साडी एकदा काढ्यातून काढून घ्या, रंग सारखा होतो.